लोकर, रेफरल आणि 48 तास: आमच्या दत्तकाची हकिकत

गेल्या महिन्यात समाजसेविका ताई दत्तकानंतरच्या तिसऱ्या पाठपुरावा भेटीला येऊन गेल्या. लेकीने त्यांच्या पर्समधला चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांवर चढवला, ताईंनी हसत हसत अहवालात दोन ओळी लिहिल्या आणि चहा पिऊन निघाल्या. आता मे महिन्यात एक भेट राहिली आहे, ती झाली की आमची फाइल बंद. तेव्हा हे लिहून टाकावं म्हटलं, कारण 2021 साली मी असंच काहीतरी वाचायला शोधत होते. सापडायचं ते एक तर सरकारी भाषेत, नाही तर 'देवाने चमत्कार केला' एवढ्यावर संपणारं. मधलं काही कुणी लिहीत नव्हतं.

आम्ही अहिल्यानगरचे, तेव्हाच्या अहमदनगरचे. मराठी ख्रिस्ती घर, तीन पिढ्या मिशनच्या शाळेत शिकलेल्या आणि तिथेच शिकवणाऱ्या. माझी आजी केडगावच्या मुक्तीत, म्हणजे पंडिता रमाबाईंनी काढलेल्या मुक्ती मिशनमध्ये, वाढली. 1931 साली, चार वर्षांची असताना, तिला कुणीतरी तिथे आणून सोडलं. रमाबाईंना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. आजीला स्वतःचं आडनाव माहीत नव्हतं आणि त्याचं दुःख करताना मी तिला कधी पाहिलं नाही. जेवायला बसताना एक घास जास्तीचा वाढून ठेवायची सवय मात्र तिची गेली नाही. दत्तकाचा विचार माझ्या डोक्यात नेमका कधी आला ते सांगता येत नाही, पण आला तेव्हा तो परका वाटला नाही, तो आजीमुळे.

लग्न 2012 चं. सहा वर्षं दवाखाने झाले, ते सगळं इथे सांगत बसत नाही. नवऱ्याचं नाव शमुवेल. ज्यांना पवित्र शास्त्र माहीत आहे त्यांना यातली गंमत कळेल. मूल नसलेल्या बाईला भेटायला येणारा प्रत्येक जण हन्नेचीच गोष्ट सांगतो, तिने मंदिरात रडून प्रार्थना केली आणि देवाने तिला शमुवेल दिला. मी मनात म्हणायची, माझ्या घरात शमुवेल आधीपासूनच आहे, तोच दार उघडून तुम्हाला पाणी देतोय.

2019 च्या ऑक्टोबरात एका घरगुती प्रार्थनासभेला बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "देव मला सांगतोय, पुढच्या वर्षी याच वेळी तुमच्या मांडीवर मूल असेल." अलीशाने शुनेमच्या बाईला सांगितलं होतं, तसंच. सासूबाईंनी त्या रात्री पेढे आणले. आम्ही तेव्हा दत्तकाची माहिती गोळा करायला सुरुवात केली होती, ती थांबवली. देवाने मूल द्यायचं कबूल केल्यावर आपण दुसरीकडे नाव नोंदवणं म्हणजे अविश्वास, असं मला वाटलं. खरंच वाटलं, कुणी जबरदस्ती केली नव्हती. ऑक्टोबर 2020 आला आणि गेला. त्या प्रचारकांशी पुन्हा गाठ पडली नाही. यात आमचं एक वर्ष गेलं. रांगेतलं एक वर्ष म्हणजे काय ते पुढे कळेलच.

त्या नोव्हेंबरात मी आमच्या पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, गेले. मला गिदोनासारखी लोकर टाकायची होती. शास्ते सहाव्या अध्यायात तो देवाला म्हणतो, लोकर दवाने भिजू दे आणि भोवतालची जमीन कोरडी राहू दे, म्हणजे मला कळेल. माझी लोकर अशी होती, की नाताळाच्या आत सासूबाई आपणहून दत्तकाचं नाव काढतील तर ती देवाची खूण. पाळकसाहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "वहिनी, सासूबाईंना तुम्ही स्वतः विचारलंत का?" नव्हतं विचारलं. "मग आधी त्यांना विचारा. लोकर नंतर."

विचारलं. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुझ्या आजीला कुणी घेतलंच ना." बस, एवढंच.

आता कायद्याचं थोडं सांगते, कारण आपल्या समाजात याबद्दल अजून गोंधळ आहे. 1956 चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी. ख्रिस्ती माणसाला पूर्वी दत्तक घेताच येत नसे, 1890 च्या कायद्याखाली फक्त पालक म्हणून नेमणूक व्हायची आणि मूल सज्ञान झालं की ते पालकत्वही संपायचं. माझ्या आत्याने 1987 साली असंच एका मुलाचं पालकत्व घेतलं. तो आम्हा सगळ्यांचा दादा, पण कायद्याने वारस नाही, म्हणून आत्याने धावतपळत इच्छापत्र करून ठेवलं होतं. बाल न्याय कायद्याने हे बदललं. आता त्या कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला पूर्ण दत्तक घेता येतं आणि मुलाचे हक्क पोटच्या मुलाइतकेच असतात. आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक ज्येष्ठ वकील मला 2021 मध्येही छातीठोकपणे सांगत होते की 'आपल्यात होत नाही'. तेव्हा वकिलांनाही तपासून घ्या.

9 फेब्रुवारी 2021 ला 'कारा'च्या पोर्टलवर नाव नोंदवलं. कारा म्हणजे केंद्र सरकारचं दत्तक प्राधिकरण, देशभरातली एकच रांग तिथून चालते. ओळखीने मूल मिळवून देतो म्हणणारे दवाखान्यातले लोक आम्हालाही भेटले. त्या वाटेला जाऊ नका, ते बेकायदेशीर आहे. नोंदणीला दोघांचे पॅन, जन्माचे दाखले, राहण्याचा आणि उत्पन्नाचा पुरावा, लग्नाचा दाखला, कुटुंबाचा फोटो आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागलं. तपासण्या आणि प्रमाणपत्र मिळून आमचे साधारण 3,200 रुपये झाले. लग्न होऊन किमान दोन वर्षं झालेली हवीत. दोघांच्या वयाची बेरीज दोन वर्षांखालच्या मुलासाठी 85 च्या आत हवी. आमची 73 होती.

आणि मग नाव. नवऱ्याच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'शमुवेल', कारण शाळा मराठी आणि नाव मराठी पवित्र शास्त्रातलं. पॅनवर 'सॅम्युअल', कारण अर्ज भरणाऱ्याला तेच माहीत. आधारवर तिसरंच काहीतरी. योहान-जॉन, याकोब-जेकब, मार्था-मार्ता या घरांतल्या लोकांनो, दत्तकाचा विचार असो वा नसो, आजच सगळे कागद एका नावावर आणा. आमचे सात आठवडे आणि तीन प्रतिज्ञापत्रं यात गेली. चर्चच्या नोंदवहीतून मिळालेला 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालचा दाखला मात्र एका फटक्यात चालला, ज्याची मला सगळ्यात जास्त भीती होती.

त्याच दिवसांत मी एक वही केली. उजव्या पानावर कागदांची स्थिती, डाव्या पानावर त्या दिवशीची प्रार्थना आणि मनात काय आलं ते. तारीख घालून. ही वही पुढे उपयोगी पडली, वेगळ्या कारणाने.

गृह अध्ययन अहवालासाठी समाजसेविका ताई जूनमध्ये आल्या, कोरोनाची दुसरी लाट ओसरताना, दोन मास्क लावून. फी 6,000 रुपये, बँकेतून, पावतीसह. मी घर इतकं आवरलं होतं की ताई म्हणाल्या, इथे कुणी राहतं का? मुलाला काय शिकवाल, रागावलात तर काय कराल, दत्तक असल्याचं कधी सांगाल, सासरे अर्धांगवायूने अंथरुणावर आहेत तर त्यांचं आणि बाळाचं कसं जमवाल, असे प्रश्न होते. मला धास्ती होती ती धर्माच्या प्रश्नाची. भिंतीवर वचनाचं कॅलेंडर, कोपऱ्यात पेटी, रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या अभंगांची वही. काढून ठेवावं का, असं आदल्या रात्री आमच्यात बोलणं झालं होतं. नाही काढलं. ताईंनी विचारलं, "मोठं झाल्यावर मुलाने तुमच्या प्रार्थनेला बसायचं नाही म्हटलं तर?" नवरा म्हणाला, "मीही अकरावीत असताना बसत नव्हतो." मला हे माहीतच नव्हतं! ताईंनी ते लिहून घेतलं. हाच प्रश्न त्या सगळ्यांना विचारतात, असं नंतर कळलं. खोटी, गुळगुळीत उत्तरं पाठ करून जाऊ नका. त्यांना ती लगेच ओळखू येतात.

12 जुलैला अहवाल पोर्टलवर चढला. आणि त्यानंतर काही नाही.

काही नाही म्हणजे खरोखर काही नाही. पोर्टलवर एक आकडा दिसायचा, रांगेतला आपला नंबर. तो कधी आठवड्यात चाळीसने खाली यायचा, कधी महिनाभर हलायचाच नाही. मी रात्री प्रार्थना करून उठले की फोन हातात घेऊन आकडा बघायची, जणू उत्तर तिथेच यायचं होतं. 2022 च्या पावसाळ्यात नवऱ्याने सांगितलं, आठवड्यातून एकदाच बघायचं, रविवारी उपासनेनंतर, दोघांनी मिळून. ही या लेखातली सगळ्यात उपयोगाची सूचना समजा.

या वाट पाहण्यात देवाचं मार्गदर्शन कुठे होतं? मंडळीत लोक विचारायचे, "देव काय बोलतोय?" मला काही ऐकू येत नव्हतं. स्तोत्रकर्ता म्हणतो परमेश्वराची प्रतीक्षा कर, पण प्रतीक्षा करताना हातांनी काय करायचं ते तिथे लिहिलेलं नाही. मी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, शिकवत राहिले. सासऱ्यांची कूस बदलत राहिले. नवऱ्याने पगारातून महिन्याला दोन हजार वेगळे काढायला सुरुवात केली. त्या वेळी हे सगळं मला मार्गदर्शन वाटत नव्हतं, वेळ काढणं वाटत होतं.

मधेच एक झालं. त्या डाव्या पानांवर मी काही ठिकाणी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'आज देवाचा होकार जाणवला.' दोन वर्षांनी उजवं पान शेजारी ठेवून वाचलं, तर होकाराचे बहुतेक दिवस आकडा खाली आल्याचे. आणि 'देव दूर वाटतो' असं लिहिलेले दिवस सासऱ्यांना ताप असल्याचे, रात्री झोप न झालेल्याचे. नवऱ्याला दाखवलं तर तो इतका हसला, की मलाही हसू आलं. मग ते हसू थोडं घशातच राहिलं. मी ज्याला देवाचा आवाज म्हणत होते त्यात माझी झोप किती आणि देव किती, हे मला सांगता येत नव्हतं.

16 फेब्रुवारी 2024, शुक्रवार. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू होऊन दोनच दिवस झाले होते. संध्याकाळी सातला फोनवर मेसेज आला, रेफरल आलंय, म्हणजे आमच्यासाठी एक मूल सुचवलंय. पोर्टलवर एक मुलगा, पाच महिन्यांचा. फोटो, सामाजिक माहितीचा अहवाल, वैद्यकीय अहवाल. मूल राखून ठेवायचं की नाही ते 48 तासांत सांगायचं. डोळे असे मोठे, कपाळावर काजळाची तीट. वैद्यकीय अहवालात एक ओळ होती, हृदयाच्या पडद्याला छिद्र, पुढील तपासणी आवश्यक.

आम्ही रात्री ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांना अहवाल पाठवला. ते म्हणाले, अशी छोटी छिद्रं पुष्कळदा आपोआप बुजतात, काही वेळा शस्त्रक्रिया लागते, या कागदावरून नक्की सांगता येणार नाही. शनिवारी आम्ही उपास केला. सासूबाईंनी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडलं आणि बोट ठेवलं. निघाला पहिला इतिहास, वंशावळी. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला, पानभर. त्या म्हणाल्या, "बघ, मुलंच मुलं. ही खूण आहे." नवरा म्हणाला, "आई, तिथले पहिले नऊ अध्याय तसेच आहेत." रात्री आम्ही हिशोब मांडला. साठवलेले साठ-सत्तर हजार, अंथरुणावरचे सासरे, मुंबईच्या फेऱ्या, माझी विनाअनुदानित शाळेतली नोकरी. खरं सांगायचं तर पैशापेक्षा भीती जास्त होती. इतकी वर्षं वाट पाहून मिळालेलं मूल हातातून जाईल ही भीती.

रविवारी दुपारी आम्ही नाही म्हटलं.

पोर्टलवर 'नाही' म्हणायला वेगळं फारसं काही करावं लागत नाही. आम्ही राखून ठेवलं नाही, वेळ संपली, फोटो गेला. आम्हाला मिळणाऱ्या तीन संधींपैकी एक संपली. मंडळीतल्या एक बाई मायेने म्हणाल्या, "देवाचीच इच्छा नसेल." मला ते वाक्य लागलं. देवाने नाही म्हणायला सांगितलं असं मी तेव्हाही म्हणाले नाही, आताही म्हणत नाही. आम्ही घाबरलो आणि आम्ही नाही म्हटलं. प्रचारकांनी स्वतःच्या वाक्यावर देवाचं नाव घातलं तेव्हा आमचं एक वर्ष गेलं होतं, मी माझ्या भीतीवर तेच नाव घालणार नव्हते. तुमच्यावर ही वेळ आली तर कुणाच्या 'हो'चं किंवा 'नाही'चं ओझं घेऊ नका. एक मात्र करा. बालरोगतज्ज्ञ आधीपासून ठरवून ठेवा आणि कोणते आजार आपण सांभाळू शकू ते शांत डोक्याने, रेफरल यायच्या आधी, बोलून घ्या. आमचं ते बोलणं राहून गेलं होतं. तीन वर्षं रोज प्रार्थना केली, आणि ही एक संध्याकाळ आम्हाला काढता आली नाही.

पाळकसाहेबांकडे गेले तेव्हा त्यांनी काही समजावलं नाही. त्यांच्या मिसेसने चहा केला, तिघं बसून राहिलो.

8 एप्रिलला, ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, दुसरं रेफरल आलं. मुलगी, साडेपाच महिन्यांची, विदर्भातल्या एका संस्थेत. वजन कमी, बाकी ठीक. या वेळी खूण कुणी मागितली नाही. डॉक्टरांना फोन, अर्धा तास गप्प, मग नवऱ्याने विचारलं, "घेऊ या?" आणि मी बटण दाबलं. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. गॅसवर दूध उतू जात होतं.

त्यानंतर 30 दिवसांत जाऊन स्वीकारायचं असतं. 25 एप्रिलला रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेलो. सगळे मूळ कागद आणि झेरॉक्सचे तीन संच न्या, संस्थेच्या गावात झेरॉक्सवाला शोधत 43 अंशांत फिरायची वेळ आमच्यावर आली. दत्तक समितीने मुलाखत घेतली, कागद तपासले. मग तिला आणलं. ती माझ्याकडे बघून रडली आणि सांभाळणाऱ्या मावशींकडे झेपावली. वाचलेल्या लेखांत मुलं पहिल्याच भेटीत बोट घट्ट धरतात, आमच्या लेकीने तसलं काही केलं नाही. मावशींनी तिला झोपवायची पद्धत दाखवली, कुशीवर घेऊन पाठीवर मधल्या बोटाने टिचक्या. ती नीट शिकून घेतली. हे तुम्हीही नक्की विचारा: कसं झोपतं, दूध कोणतं, अंघोळ किती वाजता. तिचं वापरलेलं दुपटं न धुता मागून घ्या, वास ओळखीचा राहतो.

6 मे 2024 ला दत्तकपूर्व संगोपनाखाली तिला घरी आणलं. बाल देखभाल निधीचे 50,000 रुपये संस्थेकडे भरले, तेही बँकेतून. पुढे पाठपुराव्याच्या चार भेटींचे प्रत्येकी 2,000. याच्यावर एक रुपया कुणी मागितला तर कारण आणि पावती मागा. आमच्याकडे कुणी मागितला नाही.

सुट्टीचं मात्र कटू आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने दत्तक घेणाऱ्या आईला 12 आठवड्यांची रजा मिळायची, पण बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच. आता बघा, सोपवलेल्या बाळाच्या जन्मदात्या आईला फेरविचाराला 60 दिवस असतात, मग बाल कल्याण समितीचा निर्णय, मग रेफरल, मग 30 दिवस. तीन महिन्यांच्या आत बाळ घरी येणार कसं? मला बिनपगारी चार महिने घ्यावे लागले.

सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. अर्ज संस्थाच करते. दोन महिन्यांत आदेश व्हायचा असतो, पण तेव्हा लोकसभेची निवडणूक आणि मग निकाल, त्यामुळे आमचा 19 ऑगस्टला हाती आला. आदेशाची प्रमाणित प्रत दोनदा मागून घ्या. त्यावरून तिच्या जिल्ह्यात जन्माचा दाखला झाला, आई-वडील म्हणून आमची नावं. वडिलांच्या नावाचं स्पेलिंग मी चार वेळा वाचलं. शमुवेल. बरोबर होतं.

डिसेंबरात तिचा बाप्तिस्मा झाला. नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या उपासनेत मला साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, सांगितलं. मी वही घेऊन उभी राहिले आणि तारखा वाचल्या. 16 फेब्रुवारीही वाचली. मंडळीत जरा चुळबुळ झाली, साक्षीत असलं काही येत नाही. उपासना सुटल्यावर एक म्हातारी आजी काठी टेकत आल्या. मला वाटलं आशीर्वाद देतील. त्यांनी विचारलं, "त्या पहिल्या लेकराचं काय झालं गं?"

माहीत नाही. कळायला काही मार्ग नाही, आणि नसावाही. त्या रात्रीपासून आमच्या कौटुंबिक प्रार्थनेत तो येतो. नाव ठाऊक नाही म्हणून सासूबाई 'तो दादा' म्हणतात, त्याचं हृदय बरं कर, त्याला आईबाप दे. सव्वादोन वर्षांची लेक मांडीवर बसून चुळबुळ करते, पेटीच्या पट्ट्या दाबते, माझ्या सासऱ्यांसाठी 'आबांना बरं कर' म्हणायच्या वेळी आबांकडे बोट दाखवते. आमेन म्हणायच्या आधी आम्ही कधी विसरलोच, तर तीच डोळे उघडून सांगते, "दादा लायला."